पाण्यात तोंड घालून

बाबा, आज तलावावरच्या नव्या प्रशिक्षकाने माझा हात चुकतो म्हणून सांगितलं. पाण्याखाली हाताने नागमोडी वळण काढायचं, हे मी कॉलेजात शिकले आणि पुढे शाळेतल्या कितीतरी मुलींना शिकवलं. तो म्हणतो, ते जुनं झालं, आता हात सरळ मागे ओढतात. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. उद्या दुसरा कोणी येऊन तिसरंच सांगेल, असंच वाटत राहिलं. तुम्हालाही तेव्हा असंच वाटलं असेल.

हिंगणीजवळच्या आपल्या शेतातल्या विहिरीत तुम्ही मला पोहायला शिकवलं, तेव्हा मी सातवीत होते. पाठीला दोन वाळके भोपळे, कमरेला दोर आणि त्याचं टोक काठावर तुमच्या मुठीत. "मान वर ठेव! म्हैस पाह्य, कुत्रं पाह्य, कोणी तोंड घालते का पाण्यात? ज्याले दिसत नाई, तो बुडते." मी हनुवटी वर काढून, डोळे टक्क उघडे ठेवून पोहायचे. भोपळे सुटले तरी मान तशीच राहिली.

ऐंशीच्या सुमारास नागपूरला कॉलेजात गेले, तर तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी माझं डोकं पाण्यात दाबलं. डोकं वर उचललं की पाय खाली जातात, म्हणाले. दोन महिन्यांत मी सगळ्या मुलींच्या पुढे गेले आणि कौतुकाने तुम्हाला पत्र लिहिलं. तुम्ही उत्तर पाठवलं नाही, न कळवता स्वतःच आलात. तलावाच्या पायऱ्यांवर बसला आहात, टोपी गुडघ्यावर, आणि माझ्यावरून नजर हलत नाही. मी बाहेर आले तशी तुम्ही सरांना गाठलंत.

"काऊन जी सर, पोरीले समोरचं काईच दिसून नाई राह्यलं. मंग थे कोठी चालली, हे तिले कसं समजन?"

"काका, ही काही नदी नाही. तळाला रेघ आखलेली आहे."

सर हसले. मुली हसल्या. मीही हसले.

बसस्टँडवर तुम्ही विचारलंत, "खरं सांग, श्वास कवा घेते तू?"

"मान बाजूला वळवून, बाबा."

"अन् पाणी नाई जात नाकात?"

"नाही जात."

बियाणेवाला नव्या कपाशीची खात्री द्यायचा, तेव्हा त्याच्याकडे पाहायचात तसं माझ्याकडे पाहिलंत, आणि गावाकडच्या सेलूच्या गाडीत चढलात.

पुढे काय झालं ते तुम्ही कायमचे गेल्यावर आईकडून कळलं. "दोन उन्हाळे इहिरीत तोंड घालून पाहत होते. ठसका लागे, डोळे लाल होत. मले म्हनत, पोरीले सांगू नको. मंग एक दिवस जमलं त्यायले. म्हने, पोरगी खोटं नाई बोलली."

बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. तुम्ही पायऱ्यांवर येऊन बसलात तेव्हा सरांनी विचारलं, हे कोण. मी म्हटलं, आमच्या गावचे आहेत. तुम्ही दहा पावलांवर होतात. तुम्हाला ते ऐकू गेलं असावं, असा मला संशय आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते आहे. ऐकलं असेल तर तुम्ही आईला सांगितलं असेल. ती होती तोवर मी तिला विचारलं नाही.