मयूरीच्या बाटलीतला बॉडी वॉश

विश्रामबाग, सांगली
बुधवार

प्रिय मयूरी,

घरच्या घरी स्वस्तातला बॉडी वॉश कसा करायचा ते तुला लिहून पाठवते आहे. तू विचारलेलं नाहीस, पण येत्या रविवारपासून तुला तो लागणार आहे. का, ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि फोनवर सांगायला गेले की दुसऱ्या वाक्याला तुझी मीटिंग निघते. शिवाय आई त्याच खोलीत असते. पाय चालत नसले तरी तिचे कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र. लग्नानंतर तुला पहिल्यांदाच लिहितेय, अक्षर वाईट आहे, चालवून घे.

मिरजेला आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याला आता चौदा महिने झाले. त्या चौदा महिन्यांत तू दोनदा आलीस, एकदा ऑपरेशनच्या दिवशी आणि एकदा दिवाळीत दोन तास. हिशोब मांडत नाही, नुसतं आठवण करून देते. पडून पडून आईची पाठ कोरडी झाली, पिंढऱ्यांवर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोजचा साबण बंद करा, काहीतरी सौम्य, पातळ वापरा. मी तुला फोनवर सांगितलं आणि चौथ्या दिवशी तुझं पार्सल दारात. जांभळी बाटली, वरून दाबायची, लव्हेंडरच्या वासाची. खोटं कशाला बोलू, वस्तू चांगली होती. आईनं ती हातात घेऊन नवी पाटली बघावी तशी फिरवून फिरवून पाहिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. माझ्या धाकटीनं साताऱ्यावरनं धाडलंय, असं सांगून झाल्याशिवाय ती कुणाला चहासुद्धा घेऊ देत नव्हती.

पाच आठवड्यांत बाटली संपली. मी तुला सांगितलं, तू म्हणालीस, मागवते ताई. आठ दिवसांनी पुन्हा सांगितलं, तू म्हणालीस, अगं हो, विसरलेच. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. मलाही थोडी लाज आहे. इथल्या दुकानात तसली बाटली बघितली आणि किंमत वाचून गुपचूप परत ठेवली. तुझ्या दाजींची पेन्शन आईची औषधं आणि डायपर यांतच संपते, हे तुला ठाऊक नाही असं नाही.

मग मी मोबाइलवर बघून घरी करायला घेतला. पहिल्या वेळी पाणी कमी पडलं आणि पातेल्यात खरवस जमला, सुरीनं वड्या पाडता आल्या असत्या. दुसऱ्या वेळी पाणी जास्त झालं, नुसतं ताक. तिसऱ्या वेळी पाकासारखी तार सुटली, ती आईच्या अंगावर ओतली असती तर धुऊन काढायला दुपार झाली असती. साबण मी नेहमीच्याच खिसणीवर खिसला होता. दुसऱ्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीला फेस आला. तुझ्या दाजींनी अर्धी वाटी खाल्ली आणि मग विचारलं, आज दही कुठलं होतं. बिचारा माणूस, त्याला तक्रार करायची सवय नाही. तू वेगळी खिसणी घे.

चौथ्यांदा जमलं. ग्लिसरीनच्या साबणाची एक वडी बारीक खिसायची. सव्वा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, त्यात तो कीस टाकून मंद गॅसवर विरघळू द्यायचा, उकळी येऊ द्यायची नाही. सकाळी करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचं. साय धरल्यासारखं घट्ट होतं, घाबरू नकोस. मग रवीनं चांगलं घुसळायचं, लागलं तर उकळून गार केलेलं पाणी घालायचं आणि शेवटी दोन मोठे चमचे ग्लिसरीन, एक चमचा खोबरेल. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच कर. उन्हाळ्यात मी शहाणपणानं महिन्याचं करून ठेवलं, त्याला आंबूस वास आला आणि सगळं मोरीत ओतावं लागलं.

एवढी खटपट करून मी ते जॅमच्या बरणीत भरून आईपुढे नेलं. तिनं बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हणाली, "घरचं कायतरी नगं गं शाले, अंगाला खाज सुटंल. मयूरीनं धाडलेलं लाव." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मी बरणी घेऊन मोरीत गेले. तुझी रिकामी बाटली कोनाड्यात होती, कारण आपल्या घरात रिकामी बाटली कुणी टाकतं का? धुतली, बरणीतलं तिच्यात ओतलं आणि परत आले. आईनं जांभळी बाटली बघून निमूट हात पुढे केला. ही माझी चूक. ती मी केली, दुसऱ्या कुणी नाही.

आणि आता तुझी सांगते. तो रविवार मला नीट आठवतो. तुझा व्हिडिओ कॉल आला होता, मी फोन आईच्या तोंडासमोर धरून उभी होते. आई म्हणाली, "मयूरे, तुझी दुसरी बाटली बी मिळाली गं. पयल्यापरास ही लय मऊ हाय." तुला कळलं होतं, मयूरी. तू बँकेत माणसांच्या सह्या ओळखतेस, आपण न पाठवलेली बाटली तुला कळणार नाही? मला वाटलं, आता म्हणेल, आई, मी नाही पाठवली, ताईनं काहीतरी केलं असेल. तू हसलीस आणि म्हणालीस, आवडली ना आई? अजून पाठवते. मी तिथेच होते. फोन माझ्याच हातात होता. मी दुसऱ्या हातानं मनगट धरून फोन आणखी वर केला, आईला तुझा चेहरा नीट दिसावा म्हणून.

पहिली धरून आतापर्यंत सात वेळा ती बाटली भरली. तू सातही वेळा कौतुक घेतलंस. मध्ये आईला संशय आला, वास तसा येत नाही म्हणाली, तर मी गावभागातल्या अत्तरवाल्याकडे जाऊन लव्हेंडरच्या तेलाची कुपी आणली. ते तेल भारी असतं, अख्ख्या पातेल्याला पाचच थेंब, जास्त नको. तुला हसू येईल, पण मला त्या कामात मजा यायला लागली होती. बावन्न वर्षांच्या बाईला आपल्याला काहीतरी जमतंय याचा केवढा आनंद व्हावा! आईच्या पिंढऱ्या मऊ झाल्या, पाठीची खाज गेली, डॉक्टरांनीसुद्धा विचारलं, काय लावता हो? मी तोंड उघडायच्या आत आईनं तुझं नाव सांगितलं.

तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. अण्णा मिलिटरीतून सुट्टीवर आले की कॅन्टीनचे साबण आणायचे. मेढ्याच्या आपल्या घरी, त्या थंडीत, आई आपल्याला परसात आंघोळ घालायची. तुला नवी, कोरी वडी. मला मागच्या वड्यांची उरलेली चिपटं एकमेकांना दाबून केलेला गोळा. मी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "थोरलीला कायबी चालतंय." रागानं नाही, अगदी सहज म्हणाली. तुला साताऱ्याच्या बोर्डिंगात घातलं तेव्हाही, मला एकोणिसाव्या वर्षी उजवलं तेव्हाही, कुणी रागानं काही केलं नाही. मला कायबी चालतंय हे घरात ठरूनच गेलं होतं आणि मी ते चालवून घेतलं. आता नाही चालत, मयूरी. एवढ्याशा साबणाच्या पाण्यावरून नाही चालत, हे लिहिताना मी माझ्याच नजरेत हलकी ठरतेय, पण खरं आहे.

मागच्या गुरुवारी माझा धीर सुटला. शेजारच्या रंगूबाई रोज सकाळी आईला कुशीवर वळवायला हात लावतात. मी पाणी घेऊन दारापर्यंत आले, तर आई त्यांना सांगत होती, "शालीचं काय, तिला करावंच लागतंय. पर मयूरी लांब राहून मनानं करती." मी बादली खाली ठेवली. स्वयंपाकघरातून पातेलं, रवी, ग्लिसरीनची बाटली, सगळं आणून तिच्या पलंगावर मांडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर घुसळून दाखवलं. सांगितलं की सात वेळा हे मी केलंय, मयूरीनं एकच बाटली पाठवली. रंगूबाई पण म्हणाल्या, "आवं आजी, समदा ह्यांचाच उद्योग हाय, म्या सोता रवी फिरवलीया." आईनं सगळं शांतपणे ऐकलं, बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "आसंल. पर तिच्या बाटलीत घातलंस म्हणून त्याला गुण आला. आन शाले, बहिणीचं नाव आसं पुसू नये गं." वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मारलं असतं तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रंगूबाई जाईपर्यंत मी रडले नाही, एवढंच काय ते राखलं.

त्याच दुपारी जेवताना आईनं सांगितलं, मला मयूरीकडं पोचवा. ती दर रविवारी ये म्हणती, तिचा जीव तुटतो, आता थोडं दिवस तिच्याकडं ऱ्हाते. फोन ठेवताना तू जे 'ये की गं आई' म्हणतेस, ते तिनं मनावर घेतलं आहे. लोक 'बरं, ठेवते' म्हणतात तसं तू ते म्हणतेस हे मी तिला सांगितलं नाही. मी हो म्हणाले, आणि रागानं म्हणाले. मग दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं. परवा तिची लुगडी पिशवीत भरताना मात्र माझे हात चालेनात.

तेव्हा आई तुझ्याकडे येते आहे. तुझ्या दाजींनी गाडी सांगितली आहे, रविवारी सकाळी सातला निघू, साडेदहापर्यंत साताऱ्याला, शाहूपुरीत पोचू. जागा लहान आहे, बँक आहे, बाई मिळत नाही, हे सगळं मला पाठ आहे, त्यासाठी फोन करू नकोस. भरलेली बाटली मी बरोबर देते आहे, पुढची रीत वर लिहिली आहे. दुकानातून नवी आणू नकोस, आई एका वासात ओळखेल की ही मयूरीची नव्हे. पण मी पत्र लिहिलं ते रीत सांगायला नाही. दारात आलो की आई तुझ्या गालावरून हात फिरवून त्या बाटलीचं कौतुक करेल, आणि मी तिच्या मागे उभी असेन. तेव्हा तू तिला सांग की ते ताईनं केलं. माझं सांगून झालंय, माझं तिला पटत नाही. तुझं पटेल. तू म्हणालीस की सूर्य पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो, तरी तिला पटेल. एकदाच सांग, मयूरी, मी तिथे असताना सांग. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि दुसरं कुणी तिला हे सांगू शकत नाही.

तुझीच, आणि रविवारी दारात उभी राहणारी,
शालनताई