जयाताईंना इस्पितळात येऊ देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह श्री. निशिकांत बेहेरे,
कुटुंब आधार उपसमिती,
सिंधुदीप मराठी समाज, सिंगापूर.

अर्जदार: रुचिर खांबेटे, बुकित बातोक.
दिनांक: १४ ऑगस्ट २००६

विषय: आपल्या उपसमितीने भेटीस जाण्यास मनाई केलेल्या सौ. जया रेगे यांना येत्या गुरुवारी अर्जदाराच्या पत्नीसोबत इस्पितळात बसण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपला दूरध्वनी, ज्यात आपण 'असं तोंडी चालत नाही, शुद्ध मराठीत रीतसर अर्ज द्या' असे फर्मावले, तो.

महोदय,

रीतसर अर्ज मागितलात, तो हा घ्या.

१. अर्जदार व त्याची पत्नी मधुवंती यांना मुलगी झाली आहे. सातवा महिना लागता लागताच झाली. सध्या ती इस्पितळाच्या नवजात विभागात काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी आहे, आणि तिची मूठ अर्जदाराच्या अंगठ्याच्या पेराएवढी आहे. ती जगेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. खोटा दिलासा देत नाहीत म्हणूनच अर्जदाराला ते आवडतात. तिथल्या सिस्टर भल्या आहेत. समुपदेशक बाईही आहेत, फार समजूतदार. परंतु मधुवंती बँकेत दिवसभर इंग्रजीत बोलत असली, तरी पोटच्या पोरीबद्दल बोलायची वेळ आली की तिचे इंग्रजी 'आय ॲम फाइन'पाशी संपते. म्हणून, आणि केवळ म्हणून, अर्जदाराने आपल्या उपसमितीचे दार ठोठावले. ही अवदसा त्याला कुठून आठवली कोण जाणे.

२. आपल्या पत्रकात 'नवजात बालकांच्या कुटुंबांस मानसिक आधार' असे ठळक छापलेले आहे. तो आधार एका शनिवारी दुपारी अर्जदाराच्या घरी आला. आधारात पुढीलप्रमाणे मंडळी व सामान होते: उपसमितीच्या प्रमुख सौ. शुभदाताई, काही सभासद, एक गुलाबी फुगा, प्लास्टिकमध्ये बंद केलेली सुविचारांची कार्डे आणि कॅमेरा. नवजात विभागात फुगा नेता येत नाही असे सांगितल्यावर सर्वांचे चेहरे पडले. फुगा छताला जाऊन चिकटला तो चिकटलाच. मग आधार सुरू झाला. एका बाईंनी बाळाचे वजन विचारले आणि आकडा ऐकून 'अगं बाई!' करून तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या बाईंनी, दहाव्या मजल्यावरचा वारा बाळंतिणीला बरा नव्हे, हे आल्याआल्या ओळखले. एका गृहस्थांनी सांगितले की, वाईट विचार आणि बाजारातली घसरण ह्यांना घाबरून जायचे नसते, धरून ठेवायचे असते. नक्की काय धरून ठेवायचे, ते त्यांनी सांगितले नाही. शेवटी सगळ्यांनी मधुवंतीला मध्ये घेतले आणि 'हस की गं जरा' म्हणत फोटो काढला. तो आपल्या अंकात 'हसऱ्या आईसोबत काही क्षण' ह्या मथळ्याखाली छापून आला आहे. अर्जदाराने तो अंक इमारतीतल्या कचरा टाकायच्या उभ्या नळातून थेट दहा मजले खाली सोडला.

३. इथवर सर्व मूर्खपणाच होता, आणि मूर्खपणाबद्दल अर्जदार अर्ज करत बसला नसता. पण निघताना शुभदाताईंनी मधुवंतीचा हात हातात घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, 'हे बघ, आत्ताच फार जीव लावू नकोस हं. एकदा नक्की झालं की मग काय ते.' अर्जदार त्या वेळी कपबश्या गोळा करत होता. हातातला ट्रे त्याने भिरकावला नाही, ह्याबद्दल आपल्या समाजाने त्याला शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही.

त्या शनिवारपासून मधुवंतीने बाळाला हात लावलेला नाही. आधी ती पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायची, पोर तिचे बोट धरायची. आता ती रोज जाते, दूध काढून देते आणि काचेपासून हातभर दूर उभी राहते. सिस्टर बोलावते, 'ममी, कम लाह, बेबी वेटिंग फॉर यू.' मधुवंती मान हलवते. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे असते, त्याने अशा लेकरांचा श्वास सावरतो, असे डॉक्टर सांगतात. तिने दोनदा नको म्हटले. अर्जदाराने पोरीला स्वतःच्या छातीवर घेऊन पाहिले. पोर शांत झाली, आणि मधुवंती पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अर्जदाराला बायको आणि मुलगी दोघीही एकाच वेळी हातातून निसटताना दिसत आहेत. आता गुरुवारी सकाळी डॉक्टर तिला पुन्हा विचारणार आहेत.

४. त्या शनिवारच्या ताफ्यात एक माणूसही आले होते, हे नमूद करणे आवश्यक आहे. सौ. जया रेगे, राहणार चोआ चू कांग. हिशेब खात्यात नोकरी, पती जहाजावर इंजिनिअर. शुभदाताईंना गाडीतून आणायला कुणीतरी हवे होते, म्हणून त्या आल्या. त्यांनी एकही सुविचार सांगितला नाही. फोटो चालू असताना त्या स्वयंपाकघरात गेल्या, सिंकमधल्या दुधाच्या बाटल्या धुतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या. लिफ्टपाशी मधुवंतीला एवढेच म्हणाल्या, 'माझा मुलगा त्याच वॉर्डात होता. राहिला नाही. बोलावंसं वाटलं तर फोन कर. नाही केलास तरी चालेल.' त्या संध्याकाळी मधुवंती कित्येक दिवसांत प्रथमच पोटभर जेवली.

५. हे आपल्या कानी गेले आणि आपण तातडीने बैठक भरवलीत. ज्यांचे मूल गेले आहे अशा सभासदांनी नव्या आईकडे जाऊ नये, असे एकमताने ठरले. जयाताईंना गणेशोत्सवात खुर्च्या मांडण्याचे काम देण्यात आले. अर्जदाराने जाब विचारला, तेव्हा आपण म्हणालात, 'आम्ही काही शुभ-अशुभ मानत नाही हो, पण लोकांच्या भावना असतात. तुमच्या मातोश्री आल्यात ना पुण्याहून? त्यांना चालेल का?' महोदय, आपण बँकेत जोखीम तपासण्याचा पगार घेता. शुभदाताईंच्या जिभेत आपल्याला काही जोखीम दिसली नाही. ती दिसली एका बाईच्या रिकाम्या मांडीत. शिकून-सवरून सूट घालून माणूस इतका भंपक राहू शकतो, हे अर्जदाराला परदेशात येऊन कळले.

नंतर आपण परवानगीसाठी म्हणून एक फॉर्म पाठवलात. भरून दिला, तर 'बाळाचे नाव' हा रकाना रिकामा आहे म्हणून परत केलात. बारसे व्हायचे आहे, महोदय. पेटीवर 'बेबी ऑफ मधुवंती' अशी चिठ्ठी आहे आणि तिला जगवणाऱ्या लोकांना तेवढी पुरते.

६. आता आपण विचाराल की, जयाताईंना सरळ बोलवा, आमच्या परवानगीची एवढी काय गरज? अर्जदारालाही गरज नाही. आपली सही त्याच्या लेखी कवडीमोल आहे. गरज जयाताईंना आहे. अर्जदाराने त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, 'भाऊ, मी येईन हो. पण समितीने नको म्हटलेलं असताना मी आले, आणि देव न करो, उद्या काही झालं, तर सगळे माझंच नाव घेतील. माझ्या पायगुणाने म्हणतील. स्वतःच्या मुलाच्या वेळी ऐकलंय मी ते. पुन्हा नाही झेपणार. तेवढा कागद आणा.' ज्या बाईचे कौतुक करायचे, तिला आपण इतके घाबरवून ठेवले आहे. लाज वाटण्याची सोय आपल्या नियमावलीत नसल्यास ती करून घ्यावी.

७. जयाताईंनी काही समजावायचे नाही, भाषण द्यायचे नाही. आत आई-बापांनाच सोडतात, त्यामुळे त्या बाहेरच्या बाकावरच बसतील. मधुवंतीला त्यांना फक्त एक विचारायचे आहे. फोनवर विचारायला गेली आणि न विचारताच तिने फोन ठेवून दिला. मग तिने ते अर्जदाराला विचारले, आणि अर्जदाराला उत्तर आले नाही. इस्पितळातल्या कुणालाही ते येणार नाही, शुभदाताईंना तर सात जन्मांत येणार नाही. प्रश्न असा आहे: 'तुम्ही त्याला छातीशी घेतलं होतं ना? नसतं घेतलं, तर कमी दुखलं असतं का?'

तरी बुधवार संध्याकाळपर्यंत जयाताईंच्या नावे परवानगीचा कागद द्यावा. न दिल्यास अर्जदार सोबतचे हमीपत्र घेऊन स्वतः चोआ चू कांगला जाईल आणि त्यांच्या दाराशी हात जोडून उभा राहील. हात जोडायचेच, तर ते कुणापुढे, हे त्याला आता कळले आहे.

नम्रता इथवर कशीबशी पुरवलेला,
रुचिर खांबेटे

सोबत:

(१) सुविचारांची कार्डे, सर्व, साभार परत.

(२) आपला फॉर्म. तो रकाना तसाच रिकामा आहे.

(३) हमीपत्राची प्रत. मजकूर: 'आमच्या मुलीचं बरं झालं किंवा वाईट झालं, तरी जयाताई आल्या म्हणून झालं असं ह्या घरातलं कुणी म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही.' सह्या तीन आहेत. मधुवंती व अर्जदार यांच्या सह्या खाली आहेत. पहिली सही अर्जदाराच्या आईची आहे, जिच्या भावना आपण जपत होता तिची. सहीशेजारी तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे: 'जया, गुरुवारी बाळंतिणीच्या शेजारी तुझंही पान मांडते. जेवल्याशिवाय जायचं नाही.'