पहिली, पण कुणात?

अण्णा, आज माझी लेक सॉकरची मॅच जिंकून नाचत घरी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जिंकलात, पण कुणाशी?" तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मॉम, वुई वन," एवढंच म्हणून ती वर निघून गेली. तेव्हापासून स्वयंपाकघरात बसून मी तुमच्याशी भांडते आहे.

तो प्रश्न तुमचा. तालुक्याच्या शाळेत, जिथे तुम्हीच गणित शिकवायचात, मी दरवर्षी पहिली यायचे. आई शिरा करायची, आणि प्रगतिपुस्तकावर सही करता करता तुम्ही विचारायचात, "पहिली आलीस, पण कुणात?" मग मी तो शिरा तसाच ठेवून उठायचे. सातवीनंतर तुम्ही मला नागपूरला वसतिगृहात ठेवलंत. पहिल्याच परीक्षेत मी एकतिसावी आले. तुम्ही भेटायला आला आहात, मी तुमचा सदरा घट्ट धरून म्हणते आहे, "अण्णा, मला घरी न्या," आणि तुम्ही माझं एकेक बोट सोडवता आहात. "इथली एकतिसावी तिथल्या पहिलीपेक्षा मोठी," असं म्हणून तुम्ही पाचची एसटी पकडलीत. शहाणपणाचंच बोललात, पण मी तेरा वर्षांची होते हो.

पुढे अमेरिकेत शिकायला आले, तेव्हा युनिव्हर्सिटीत मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची आकडेमोड करायचं काम मिळालं. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. मे महिन्यात देशातल्या चौसष्ट टीमची स्पर्धा होते. वरच्या सोळांना मानांकन मिळतं, आणि मानांकन असलं की बहुतेक वेळा घरच्या मैदानावर खेळायला मिळतं. मला वाटलं, जी जास्त जिंकेल ती वर. पण सूत्र पाहिलं आणि मी चाटच पडले. स्वतःच्या विजयांना पाव वजन, ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या विजयांना निम्मं, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना उरलेलं पाव. निवड समिती आणखीही बरंच काही बघायची, पण मुद्दा तुमचाच होता. मी तुम्हाला फोनवर हे मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात.

२००६च्या जानेवारीत फोनवर म्हटलं, "अण्णा, मी डिपार्टमेंटमध्ये पहिली आले," आणि थांबले. तुम्ही म्हणालात, "छान झालं, बाळा. जेवलीस का?" फोन ठेवून मी रूममेटला मिठीच मारली. "यार, आज अण्णांनी विचारलंच नाही!" आठवड्यानं आईचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. आजारपणानं "पण कुणात?" विचारण्याइतकाही दम तुमच्यात उरला नव्हता, आणि मी त्याला कौतुक समजले.

त्या फेब्रुवारीत आमच्या कोचबाई पोरींना दक्षिणेतल्या तगड्या टीमशी खेळायला घेऊन गेल्या. पोरी सडकून हरल्या. परतीच्या बसमध्ये नवी आलेली कॅचर, आपली विकेटकीपरच म्हणा, माझ्या शेजारी बसून हमसून रडत होती. "आय जस्ट वाँट टु गो होम," एवढंच पुन्हा पुन्हा. पण मे महिन्यात मानांकन आमच्या टीमला मिळालं, आणि आमच्यापेक्षा जास्त मॅच जिंकलेली एक टीम खाली राहिली. घोषणा होताच टीव्हीसमोर पोरी किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी बाथरूममध्ये जाऊन तुमच्यासाठी रडले.

आता कुणालाच न सांगितलेलं सांगते. पुढच्या मोसमासाठी कोचबाईंनी माझ्यापुढे दोन वेळापत्रकं ठेवली, एक अवघड, एक सोपं, आणि विचारलं, मानांकनात किती फरक पडेल? मी गणित मांडलं. खूप पडत होता. माझ्या डोळ्यांपुढे ती बसमधली पोर आली आणि मी म्हटलं, "फारसा नाही." कोचबाईंनी सोपं निवडलं. त्या वर्षी पोरी आधीपेक्षा जास्त मॅच जिंकल्या आणि मानांकन गेलं. कुठल्या कुठे, परक्या मैदानावर खेळून दोन दिवसांत हरल्या. कॅचर याही वेळी रडली, आणि या वेळी तिला रडवणारी मी होते.

गणित तुमचं बरोबर होतं, अण्णा. तुमच्या तोंडावर हे मी कधीच कबूल केलं नसतं, आणि हे पत्रही या वहीतच राहील. पण कोचबाईंनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा खोटंच सांगेन. माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा, तुमचं गणित चुकायला हवं होतं.