जॅकेटचा पट्टा

सोलापूर. रविवार, संध्याकाळ

उजनीच्या बॅकवॉटरला जायचं नक्की झालं. दरवर्षीसारखंच, दोन रात्री काठावर तंबू, वल्ह्याची होडी, गळ टाकून चिलापी धरायची. खूश असायला हवं. पण दुपारपासून डोळ्यांसमोरून तो पट्टा हलत नाही.

माळ्यावरून सामान काढलं. अप्पांना म्हटलं, लाइफ जॅकेट घालून बघा. गेल्या वर्षी त्यांच्या पोटावर पट्टा कसाबसा पुरला होता. सारिका सासऱ्यांना किती हसली होती. आज मी ओढत गेलो, ओढतच गेलो. जॅकेट अंगाला लागलं तेव्हा हातभर पट्टा खाली लोंबत होता.

आम्ही नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलंच नाही. डॉक्टर काय म्हणाले ते अप्पांना अजून सांगितलेलं नाही. होडीत बसल्यावर सांगू, असं माझं चाललंय. भर पाण्यात उठून जाता येत नाही. त्यांना, का मला?

सारिका म्हणाली, "लोंबता पट्टा गळात अडकेल, कापून टाका." बरंच वाटलं. हाताला काहीतरी काम. कात्री घेऊन आलो तर अप्पा जॅकेट न काढता तसेच बसलेले, तो जास्तीचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत.

"कापू नगंस," म्हणाले. माझ्या पोटाकडे बघून जरासे हसले. "फुडच्या वर्षी तुला लागंल की."