संगणकातलं साल आणि वुबितचा अर्ज

आदरणीय गाशे अयालनेह मामांस,

शारजाहून तुमच्या भाच्याचा, मुलुसेवचा, जमिनीपर्यंत वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? आई कशी आहे? काळी गाय व्याली का? तुमची आठवण येते, एवढं दुखणं सोडलं तर मी देवदयेने ठणठणीत आहे. गाड्या धुतो. त्या वाळूत जातात, परत येतात, परत धुतो. (पुढच्या महिन्यात दुसरं काम बघणार. हे मी प्रत्येक वेळी लिहितो, माहीत आहे.) पत्र अशासाठी, की फोनवर मी 'साल' म्हटलं की तुम्ही फोन ठेवता. पत्र फार तर फाडता येतं, आणि वाचल्याशिवाय फाडणारे तुम्ही नव्हे.

वुबितला नर्सिंगच्या परदेशी कॉलेजात अर्ज करता यावा म्हणून मी बहिणीसाठी संगणक पाठवला. तो आपल्या गावी, देब्रे मार्कोसला पोचला आणि तुमच्या हाती पडला, इथेच त्याचं नशीब फुटलं. तुम्ही टेलिफोन खात्यातून निवृत्त, तेव्हा वायर असलेली प्रत्येक वस्तू तुमच्या हाताखालची. भजनांचं पान उघडतं, हवामानाचं उघडतं. कॉलेज, बँक आणि टपाल तेवढं उघडत नाही. वुबित रडत फोन करायची, "दादा, मामा म्हणतात कॉलेजच बंद पडलंय!" मग तुम्ही शेजाऱ्याची कबुतरं तारेवरून हाकललीत, संगणकाला चर्चमधलं तीर्थ शिंपडलंत (बंद करून शिंपडलंत, हे उपकार), कॉफीबरोबर धूपही दाखवलात. पडद्यावर बिचारा लिहीत होता, 'तुमचं घड्याळ मागे आहे.' तुम्हाला तो अपमान वाटला. रेडिओच्या ठोक्याला तुम्ही मिनिटं जुळवलीत आणि त्याला दम भरलात, "चाळीस वर्षांत माझं घड्याळ मागे पडलं नाही, तू कोण?"

वुबितने पडद्याचा फोटो पाठवला, तो मी शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या अबकरला दाखवला. हा सुदानी हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी होता. "अरे, तुझ्या घरचे अजून २०१७ मध्येच राहतात का?" मी म्हटलं, "हो, मग कुठे राहणार?" त्यावर तो आणखी हसला. मग त्याने सांगितलं, की असल्या साइट आत घेण्याआधी ओळखपत्र दाखवतात. त्यावर तारीख २०२५ ची, आणि दारातल्या रखवालदाराच्या, म्हणजे आपल्या संगणकाच्या, घड्याळात २०१७. तो म्हणतो, हे ओळखपत्र अजून बनायचंय, चला बाहेर. भजनांच्या दाराशी रखवालदार ओळखपत्र मागतच नाही, म्हणून तिथे तुम्ही बिनधास्त जाता.

तर मामा, पेटीतून काढल्या काढल्या तुम्ही संगणकाचं साल 'दुरुस्त' केलंत. आपल्या देशाच्या पंचांगाने साल २०१७ आहे, मला मान्य. आईचं तेच, पाद्रीबाबांचं तेच, काळ्या गाईचंही तेच. साऱ्या जगाची मोजणी आठ वर्षं चुकली, हेही मान्य. पण संगणक देब्रे मार्कोसचा नाही हो, त्याला संस्कार कुठून असणार? आणि कहर म्हणजे, अर्जाची मुदत ऑगस्ट २०२५ आहे असं पोरीने सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "अजून आठ वर्षं आहेत, घाई कसली? तोवर लग्न उरकू." आठ वर्षांनी वुबित नर्स नाही, रुग्ण म्हणून जाईल तिथे. पोरीचं सगळं या एका अर्जावर आहे. एक दिवस साल बदला. अर्ज गेला की पुन्हा २०१७ करा, वाटल्यास कुलूप लावा.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक (चौथी नापास),
मुलुसेव

ता. क. : वरची विनंती रद्द समजा. तुम्ही उपासाच्या प्रार्थनेला गेला होतात, तेव्हा वुबितने साल बदललं, कॉलेज उघडलं, अर्ज पाठवला आणि तुम्ही यायच्या आत २०१७ परत जागेवर ठेवलं. तिला रागावू नका. फोनवरून एकेक ओळ मीच सांगत होतो.

ता. क. दुसरा : अर्ज परत आलाय. 'उमेदवाराचं वय सव्वीस, मर्यादेबाहेर.' जन्मसाल १९९९ लिही असं मीच सांगितलं. आपलं १९९९, मामा, जगाचं ते २००७. तेव्हा वर मी तुमच्याबद्दल जे जे लिहिलं ते कृपया पुन्हा वाचू नका. अबकरला अजून सांगितलेलं नाही, तो या खेपेस खरंच पडेल. आता असं करा : केबेलेच्या वॉर्ड-कचेरीत तुमच्या शब्दाला वजन आहे. पोरगी अठराची, जन्म २००७ चा, असा शिक्क्याचा दाखला तेवढा आणा. खाली वडीलधारे म्हणून तुमचीच सही लागेल. तुमच्या हिशोबाने ते धडधडीत खोटं आहे, कळतं मला. पण भाचीसाठी आयुष्यात एकदा एवढं खोटं लिहा.