जांभळाखालची मोकळी जागा

३ फेब्रुवारी, सोमवार
आले एकदाची! नौपाड्याच्या ऑफिसात अहवाल टाइप करून बोटं झिजली होती. आता मुरबाडच्या पुढे, ठाकरांच्या पाड्यावर. पाण्याची टाकी कुठे बांधायची ते पाडाच ठरवणार, मी फक्त सोबत. मुक्काम रखमाबाईंच्या पडवीत. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी हावरटासारखी खाल्ली. रविवारी घरी जायचंच, कृतिकाचा पाचवा वाढदिवस. लेकीला तसं कबूल करून आलेय.

४ फेब्रुवारी
जांभळाखाली सभा. सगळे गोल करून बसलेले. पाड्याचे कारभारी परशुरामदादा, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. ताई, खुर्चीच बरी, असं दोनदा म्हणाले. मी कसली ऐकतेय! लोकांबरोबर जमिनीवर बसायचं, हे ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं. गोलात एक जागा मोकळी होती, तिथे बसले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, लाजतायत.

६ फेब्रुवारी
आज भाकरी पानावर, उंबऱ्याबाहेर ठेवलेली. भूकही नव्हती. रखमाबाईंना कारण विचारलं. माझ्याकडे न बघता त्यांनी भिंतीलाच सांगितलं: झरा खोदताना आवडाबाई दरडीखाली गेली, सभेतली ती जागा तिची. तिथे जो बसेल तो तिच्या जागी अडकतो, दुसरं कुणी बसेपर्यंत. बसलेल्याला कुणी उठवायचं नसतं. आवडाबाई सुटली म्हणे.
हसले मी. पण अनवाणी काट्यांवरून चालत आले होते आणि पायांना काही कळलं नव्हतं.

८ फेब्रुवारी
घरी फोन केला. आई नुसती हॅलो, हॅलो करत राहिली. मागून कृतिका विचारत होती, मम्मा कधी येणार. मी ओरडले. आईने फोन ठेवला. रडू यायला हवं होतं. नाही आलं.

९ फेब्रुवारी
वाढदिवस. कल्याणची जीप समोरून गेली. हात केला होता. मग चालत निघाले — आणि जांभळाखाली बसलेली होते.

तारीख माहीत नाही
तहान नाही. भीतीही नाही. कृतिकाचं नाक आठवतं. बाकी चेहरा —

आज
ऑफिसने माझ्या जागी नवी मुलगी पाठवलीय, वैशाली. खूप हसते. सभा भरली. परशुरामदादांनी खुर्ची आणली. दोनदा म्हणाले. ती नको म्हणाली.
गोलात येतेय. तिच्याही घरी कुणी वाट — सांगायला हवं. तिला ऐकू जाईल का, बघायला तरी —
कृतिका —
मी जरा सरकून बसले. जागा झाली. ती आता