बोल ह्यांना लागला

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. परवा माझ्याकडे विणकाम शिकायला एक नवी बाई आली, ती निघाली भडगावची, तुमच्याच गल्लीतली. तुमच्या घरात आता भाडेकरू राहतात, म्हणाली. तिला काही दाखवलं नाही, पण तेव्हापासून मनातल्या मनात मी तुमच्याशीच बोलते आहे. म्हणून आज लिहायला बसले.

धुळ्याला तुमच्या हाताखाली प्रसूतीचं शिकत होते तेव्हा माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात कायम विणायच्या सुया असायच्या. अमळनेरहून येताना कपडे कमी आणि लोकर जास्त आणलेली मुलगी मी. एक दिवस लेबर रूमच्या दारात तुम्ही मला अडवलंत. "वाकलीस आणि बाईच्या पोटात टोचली म्हणजे? आण इकडे." सगळ्या मुलींसमोर सुया काढून घेतल्यात. संध्याकाळी हॉस्टेलवर येऊन परत दिल्यात आणि विचारलंत, "बाळाची टोपी जमते का गं? थंडी फार पडलीये, पोरं नुसती फडक्यात गुंडाळलेली असतात." मग मी टोप्या विणायचे आणि तुम्ही त्या गरम पाण्यातून काढून वॉर्डात न्यायचात. माझ्या आयुष्यातला इतका सुखाचा हिवाळा दुसरा नाही.

त्याच हिवाळ्यात ती पारोळ्याकडची बाई आली. मूल झालं, वार पडली, आणि रक्त थांबेना. तुम्ही माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवलात. "गर्भाशय चोळत राहा. कडक लागेपर्यंत हात उचलायचा नाही." बाजूला इंजेक्शनं, सलाईन, डॉक्टरांची धावपळ, आणि माझ्या तळव्याखाली ते मऊ, ढिलं, काही केल्या आवळत नाहीये. तिचे ओठ पांढरे पडत चाललेत. माझे खांदे भरून आलेत, पण हात चालू आहे. आणि मग एकदम ते आवळतं, चेंडूसारखं घट्ट होतं. बाई वाचली. बाहेर तिची आई भिंतीला टेकून बसली होती. "बाई, मनी पोर कशी शे?" तिनं अहिराणीत विचारलं, आणि तुम्ही मला पुढं करून म्हणालात, "बरी शे. हिच्या हातांनी वाचली."

तुम्हाला त्या दिवशी माझ्यात एक चांगली नर्स दिसली. मला काय दिसलं, ते तुम्हाला कधीच कळलं नाही. बाथरूममध्ये जाऊन मी ओकले. पुन्हा असं झालं आणि ते आवळलंच नाही तर, एवढंच डोक्यात. ती भीती कधी गेली नाही. तुमच्या शब्दाखातर परीक्षा दिली, पास झाले, जळगावच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. लग्नानंतर हे मला स्कूटरवरून सोडायला यायचे. फाटकाशी माझा पाय निघत नसे, तर तिथंच थांबून गप्पा मारत राहायचे. "सोडू नकोस गं, महिनाभर रजा घे, बघू," असं किती वेळा म्हणाले. तरी मी सोडली. घरी स्वेटर विणायला आणि शिकवायला लागले.

मग तुम्ही आलात. रिटायर झाल्यावर एसटीनं, मुद्दाम, चौकशी करत. हे चहा करायला आत गेले. मग माझ्या मांडीवरचं विणकाम बाजूला सारून विचारलंत, "का सोडलीस?" "भीती वाटते" एवढे दोनच शब्द होते. ते ओठांपर्यंत आले आणि मी म्हणाले, "घरी चालत नाही, मॅडम." तेवढ्यात हे चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही कप घेतला नाहीत. "तुमच्यामुळे एक चांगली मुलगी वाया गेली," असं ह्यांच्या तोंडावर म्हणालात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुयांकडे पाहत होते. "चुकलंच माझं," हे म्हणाले, आणि तुम्हाला स्टँडवर सोडायला गेले.

हे परत आले तेव्हा मी रडत होते. हे एवढंच म्हणाले, "त्यांना तू वाईट वाटण्यापेक्षा मी वाटलेला बरा."

भडगावला येऊन सगळं सांगायचं ठरवत राहिले, आणि तुम्ही गेल्याचाच निरोप आला. आम्ही दोघं भेटायला आलो. माझं नाव कळताच तुमच्या भावानं ह्यांना ओळखलं. "बायकोची नोकरी सोडवली ते तुम्हीच ना? ताई फार हळहळायची." ओटीवर चार माणसं होती. ह्यांनी मान खाली घातली. आणि मॅडम, मी तेव्हाही गप्प बसले. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर.

ह्यांनी त्यानंतर हा विषय कधी काढला नाही. आताही आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेत, मी काय लिहितेय ते विचारलंसुद्धा नाही. हे पत्र तुमच्या भावाला पाठवता येईल. ते अजून भडगावातच दुसरीकडे राहतात, पत्ता माझ्याजवळ आहे. पण मी पाठवणार नाही. आणि तुम्ही हयात असतात, तर हे लिहिलंही नसतं.